डायनासोरांचा फिरता डबा: आठ महिन्यांनंतर

जिओकॅशिंग म्हणजे लोकांनी लपवलेले डबे, म्हणजेच ‘कॅश’, जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये आठ महिन्यांपूर्वी हा डबा मी फिरायला सोडला. आतापर्यंत अकरा जणांच्या हातांतून गेलाय, मधे दोनदा माझ्याकडेही येऊन गेला, म्हणून आता लिहितेय.

डबा साधाच. चारही बाजूंना खटके, झाकणात रबरी पट्टी, दीड लिटरचा. आत वही, पेन्सिल, डझनभर प्लास्टिकचे डायनासोर आणि त्यातल्या मोठ्या टी-रेक्सच्या गळ्यात ट्रॅव्हल बगचा धातूचा बिल्ला, म्हणजे ज्यावरचा गुप्त कोड साइटवर टाकून वस्तूच्या प्रवासाची नोंद करता येते असा. एक डायनासोर घ्या, एक ठेवा, डबा पुढे द्या, एवढाच नियम. जिओकॅशिंग डॉट कॉमवर नवी फिरती कॅश आता नोंदवून घेत नाहीत. कॅश एका जागी राहायला हवी आणि शेजारच्या कॅशपासून किमान १६१ मीटर लांब. त्यामुळे कागदोपत्री माझा डबा कॅश नाहीच, बिल्ल्याच्या नावावर प्रवास करणारं सामान आहे. त्याने अडत काही नाही. प्रत्येक टप्पा नकाशावर दिसतो, अंतरही आपोआप मोजलं जातं.

माझी खरी चूक आकाराची. बेत असा होता की, ज्याला डबा मिळेल त्याने तो दुसऱ्या एखाद्या कॅशमध्ये नेऊन ठेवावा. पण बहुतेक कॅश गोळ्यांच्या बाटलीएवढ्या, काही तर बोटाच्या पेराएवढ्या! दीड लिटरचा डबा मावेल अशी कॅश शोधताना लोकांच्या नाकी नऊ आले. आठ महिन्यांत तो फक्त दोनदा कॅशमध्ये राहिला, बाकी सगळा प्रवास हातोहात, भेटीगाठींमध्ये. आधी मी वैतागले होते. पण समोरासमोर डबा घेणारा माणूस तो तिथेच उघडतो आणि मग जी वादावादी रंगते, ती झुडपात डबा ठेवून कधीच झाली नसती. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स एका डब्यात कसे, यावर एकदा अर्धा तास गेला. दोघांमध्ये सुमारे आठ कोटी वर्षांचं अंतर. म्हणजे काळाच्या हिशेबात टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा.

पाण्याचं मात्र जपा. तिसऱ्या फेरीनंतर रबरी पट्टीत वाळूचे चार कण अडकले आणि वहीचा लगदा झाला. कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं सगळं पसरलं, पेन्सिलीचं टिकलं. सिलिका जेलच्या पुड्या टाकून मी निर्धास्त होते, पण डबा दर वेळी उघडला की त्या ओल पितात आणि वाळवायचं कोणी लक्षात ठेवत नाही. आता जलरोधक कागदाची वही आहे, आणि झाकणावर चिठ्ठी: आधी पट्टी पुसा.

एकाने हौसेने फोटो टाकला, त्यात बिल्ल्यावरचा गुप्त कोड स्वच्छ दिसत होता. आठवडाभरात डबा कधीही न पाहिलेल्या लोकांच्या ‘पाहिला’ अशा नोंदी येऊ लागल्या. त्या मी एकेक करून खोडल्या आणि तो फोटोही हटवायला लावला. फोटो काढताना कोडवर बोट ठेवा हो.

दुसऱ्या एकाकडे डबा नऊ आठवडे पडून होता. त्याला नावं ठेवावीत, तर दुसऱ्या खेपेला माझ्याकडेच पाच आठवडे राहिला, त्यामुळे गप्प बसते.

देवाणघेवाणीत माल उतरत जातो, हे गृहीत धरा. ट्रायसेराटॉप्स पहिल्याच महिन्यात गेला, बदल्यात काचेची गोटी आली. ती कुठल्या युगातली, ते वहीत लिहिलेलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी नवे चार-पाच भरते. एवढा खर्च आणि उपद्व्याप झेपणार असेल तरच असा डबा काढा, आणि काढलात तर माझ्यापेक्षा निम्म्या आकाराचा.

पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन मात्र पहिल्या दिवसापासून आतच आहे. खेळण्यांच्या पाकिटात तो हमखास येतो, पण डायनासोर नाही. पहिले डायनासोर यायच्या कोट्यवधी वर्षं आधीचा, आणि नात्याने सस्तन प्राण्यांच्या बाजूचा. मीच शहाणपणाने तशी चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली. तेव्हापासून त्याला कोणी हात लावत नाही.