‘रिझल्ट’ की ‘लीड टू’? इंग्रजीत कारण सांगताना

संत्र्याच्या बागांचे पाहणी अहवाल इंग्रजीत करून देणं हे माझं नागपुरातलं रोजचं काम. बागायतदार मराठीत सांगतात, कागद इंग्रजीत जातो, आणि त्या कागदाचा सगळा जीव कशामुळे काय झालं यातच असतो. ते सांगायला ‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ ही जोडी घ्यावी, की ‘लीड टू’ आणि गरजेपुरतं ‘स्टेम फ्रॉम’? ‘रिझल्ट इन’ आणि ‘लीड टू’ कारणाकडून परिणामाकडे नेतात, ‘रिझल्ट फ्रॉम’ आणि ‘स्टेम फ्रॉम’ परिणामाकडून कारणाकडे.

‘रिझल्ट’ अहवालात शोभतं. बरंवाईट काहीही त्याला चालतं, फळगळही आणि भरघोस बहारही. ‘कॉज’चं तसं नाही. ते बहुतेक वेळा आजार, अपघात, नुकसान यांच्याच संगतीत येतं. शेणखतानं चांगला बहार ‘कॉज’ केला, हे कानाला खटकतं.

पण माझं मन ‘रिझल्ट’वरून उडालं ते एका गोष्टीमुळे. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची, फळगळ बहुधा पावसाळ्यातली. काटोलकडच्या एका बागेच्या कच्च्या मसुद्यात वाक्य होतं, ‘वॉटरलॉगिंग रिझल्टेड फ्रॉम फ्रूट ड्रॉप’. म्हणजे फळं गळली म्हणून बागेत पाणी साचलं! व्याकरण बिनचूक, त्यामुळे कॉम्प्युटरनं लाल रेघही मारली नाही. मराठीत ‘पाणी साचल्यामुळे फळं गळली’ म्हणा की ‘फळं गळली ती पाणी साचल्यामुळे’ म्हणा, ‘मुळे’ कारणाला चिकटूनच फिरतं. इंग्रजीत सगळा भार वाक्यातल्या जागेवर आणि ‘इन’, ‘फ्रॉम’ अशा इवल्याशा शब्दावर. मराठीत विचार करणाऱ्याचा हात नेमका तिथे घसरतो. शिवाय ‘रिझल्टेड इनटू’ आणि ‘वॉज रिझल्टेड’ आहेतच. हे क्रियापद अकर्मक, त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही, तरी आपल्याकडच्या कागदांत तो सर्रास दिसतो.

‘लीड टू’मध्ये ही उलटापालट सहसा होत नाही, कारण परिणामाकडून कारणाकडे जायचं तर क्रियापदच बदलावं लागतं. दुसरं म्हणजे साखळी सांगायला ते फार सोयीचं. जोराचा पाऊस, भारी काळी जमीन, निचरा नाही, मुळांशी फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू, मग खोडावर डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग. यातली आधीची पावलं ‘लीड टू’नं जोडावीत आणि फायटोफ्थोरापासून डिंक्यापर्यंतच्या शेवटच्या पावलाला ‘कॉज’ ठेवावं, कारण तिथे रोग कोण करतं ते पक्कं माहीत असतं. कारण अनेकांतलं एक असेल तर ‘कॉन्ट्रिब्यूट टू’ अधिक प्रामाणिक. नुकसानभरपाईच्या कागदात हा फरक लहान नाही.

‘लीड टू’ निर्दोष आहे असंही नाही. भूतकाळात त्यातला ‘ए’ गळतो, lead चं led होतं. तो राहिला तर डोळ्यांना वर्तमानकाळ दिसतो, नाहीतर शिसं, आणि कॉम्प्युटर इथेही गप्पच. पण निदान कारण आणि परिणाम जागा बदलत नाहीत.

‘स्टेम फ्रॉम’ मात्र जपून. समस्या, भीती, गैरसमज यांचं मूळ सांगायला ते छान. पण नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, तिथे ‘राइझेस इन’ किंवा ‘ओरिजिनेट्स इन’च हवं. संत्र्याचं तेल सालीतून निघतं, तिथे ‘कम्स फ्रॉम’ पुरतं. ‘डिराइव्ह’ थोडं भारदस्त.

ज्यांना वाक्य इंग्रजीतच सुचतं, त्यांनी ‘रिझल्ट’ खुशाल वापरावं, त्यांचं काही अडत नसावं. मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्यांचं, मला वाटतं, ‘लीड टू’नं जास्त भलं होईल. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी तेच वापरायला सांगतो, आणि कुठे ‘रिझल्ट’ ठेवलंच तर कागद पाठवण्याआधी वाक्यातल्या कारणाखाली पेन्सिलनं रेघ मारून पाहायला सांगतो.