साध्या गाठीपायी ५८,७९९ रुपये गेले

‘छातीत गाठ? कापू नका, हार्मोन्स सुधारा’ अशी जाहिरात, खाली फॉर्म, दहा मिनिटांत ‘ताई, घाबरू नका’ म्हणणारा फोन. पुढचं तुम्हाला सांगायला नको. माझे गेले ते असे: कन्सल्टेशन ४९९, थुंकीवरून हार्मोन तपासायचं किट ७,८००, तीन महिन्यांचा कोर्स ३८,५००, आणि ‘आधी लिव्हर साफ व्हायला हवं’ म्हणून डिटॉक्स १२,०००.

मी अडाणी नाही. सोसायटीचे हिशेब मीच बघते. पण सर्जनची अपॉइंटमेंट लांबची मिळाली होती, घरी कुणाला बोलले नव्हते, आणि रात्री अकरालाही मेसेजला उत्तर देणारी ही फोनवरची एकच बाई होती.

सोनोग्राफीचा रिपोर्ट मी तिला पाठवला. त्यावर स्वच्छ छापलेलं: सिंपल सिस्ट (म्हणजे नुसत्या पाण्याने भरलेली साधी गाठ), बायरॅड्स २. ती म्हणाली, “ताई, दोन म्हणजे दुसरी स्टेज. चारला बायोप्सी, पाचला कॅन्सर. वेळेत आलात.” अहो, बायरॅड्स ही स्टेज नसतेच! रेडिओलॉजिस्टने चित्र बघून ठरवलेला तो वर्ग आहे. २ म्हणजे निर्धोक, नेहमीच्या तपासण्या चालू ठेवा. साधी सिस्ट पायऱ्या चढत कॅन्सरपर्यंत जात नाही. त्याच ओळीत पुढे ‘बिनाइन’, म्हणजे कॅन्सर नसलेली, असं लिहिलं होतं. कागद माझ्या मांडीवर, आणि मी हिचं ऐकत बसले! अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

थुंकी घेताना पाळीचा कितवा दिवस, हेही कुणी विचारलं नाही. हे हार्मोन दिवसागणिक वरखाली होतात. दिवस माहीत नसेल तर त्या आकड्याचं काय लोणचं घालायचं? तरी रिपोर्टात लाल अक्षरांत ‘इस्ट्रोजेन डॉमिनन्स’, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा जोर वाढलाय, असं आलंच.

आणि यांचं अर्धं खरं असतं, म्हणून तर माणूस फसतो. अशा सिस्ट पस्तिशी ते पन्नाशीत जास्त होतात, पाळीच्या आधी दुखतात, पाळी गेल्यावर बहुधा बसतात. हार्मोनशी संबंध आहेच. पण म्हणून हार्मोन ‘बिघडलेत’ असं होत नाही. रक्तातले आकडे बहुतेकींचे नॉर्मलच असतात. शेवटी सर्जननी दुखणारी गाठ सुईने रिकामी केली. सिरिंजमध्ये हिरवट पिवळं पाणी आलं, गाठ तिथल्या तिथे बसली. रक्त नव्हतं, म्हणून ते पाणी तपासायलाही पाठवलं नाही. खर्च २,२००.

आता पोलीस. भरल्या चौकीत हवालदार मोठ्यांदा विचारतो, “कसली गाठ? कुठं?” मग म्हणे, पैसे तुम्हीच दिलेत, डबे घरी आलेत, फसवणूक कसली? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, नंतर सामसूम. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. औषध खात्यात गेले तर डब्यावर ‘फूड सप्लिमेंट’ आहे, अन्न विभागात जा. अन्न विभाग म्हणतो, दावा रोग बरा करण्याचा आहे, औषधवाल्यांकडे जा. दोघं एकाच इमारतीत, मधे एक जिना! १९५४ पासून जादुई औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सरही आहे आणि स्त्रियांचे रोगही. तो दाखवला तर साहेब म्हणाले, लेखी द्या. दिलं. पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. जाहिरात अजून चालू आहे.

रिपोर्ट अनोळखी नंबरवर पाठवू नका. ज्याने सोनोग्राफी केली त्यालाच अर्थ विचारा. ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ (म्हणजे नुसतं पाणी नाही, आत घट्ट भागही आहे) लिहिलं असेल, किंवा पाणी काढल्यावर गाठ परत भरली, तर मात्र सर्जनकडेच जा, घरी बसू नका. चॅट डिलीट करू नका. माझे अर्धे मेसेज तिनेच उडवले.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता हवा, आणि माझ्या बिलावर आहे फक्त एक मोबाइल नंबर, तोही बंद. पैसे टाकण्याआधी पत्त्यासकट पक्कं बिल मागा. देत नाहीत म्हटलं की फोन ठेवा.