दादरचं रेटिना क्लिनिक: स्क्रीन पेशंटकडे वळवणाऱ्या डॉक्टर

मधुमेहामुळे घरात कुणाच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली असेल तर हा रिव्ह्यू जरूर वाचा.

माझी आई लालबागला घरीच फॉल-पिकोची कामं घेते. तिला जुना मधुमेह आहे. उजव्या डोळ्याने साडीचा काठ मधेच वाकडा दिसतो, असं ती म्हणायला लागली. आधी जिथे दाखवलं तिथे "सूज आहे" एवढंच सांगून डोळ्यात इंजेक्शन दिलं आणि महिन्याने बोलावलं. काठ जरा सरळ दिसू लागल्यावर आईने पुढची तारीख टाळली. का जायचं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सूज परत आली, तेव्हा शेजारच्या काकूंनी दादर पश्चिमेचं हे क्लिनिक सुचवलं.

बाहुली मोठी करणारे थेंब, मग ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेला पडद्याचा स्कॅन. हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे बघायचं, हात लावत नाहीत की दुखत नाही. तंत्रज्ञ मुलगी आईला "मावशी, आता पापणी नको हां" म्हणत शांतपणे काम करते. नंतर डॉक्टरबाईंनी स्क्रीन आईकडे वळवली. पडद्याचा उभा छेद, मधे काळ्या पोकळ्या, म्हणजे साठलेलं पाणी. मध्यभागी जाडी ४१२ मायक्रॉन होती. एरवी ती तीनशेच्या आत असते.

त्या पोकळ्यांच्या मधे बारीक उभे खांब दिसत होते. त्यांवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "हे मुख्यतः म्युलर पेशींचे धागे. पडद्याच्या जवळजवळ सगळ्या जाडीतून आरपार जातात." या ग्लिया प्रकारच्या, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. १८५१ मध्ये हाइनरिश म्युलर यांनी त्यांचं वर्णन केलं. बघायचं काम चेतापेशींचं, पण त्यांना सांभाळायचं काम यांचं: चेतापेशींनी निरोप द्यायला वापरलेलं ग्लुटामेट हे रसायन उचलायचं, पोटॅशियमचा तोल राखायचा, साठलेलं पाणी बाहेर काढायचं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि नेमका तेव्हाच पाणी उपसणारा हा पंपही मंदावतो. शिवाय बिघडलेल्या म्युलर पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त सोडतात, त्याने गळती आणखी वाढते. मायक्रोग्लिया म्हणजे पडद्यातल्या पहारेकरी पेशी. त्याही चिडून सूज भडकवतात.

आईचा प्रश्न सरळ होता. "मग एका इंजेक्शनाने का भागत नाही?" कारण औषध आधीच सुटलेलं व्हीईजीएफ अडवतं, ते तयार होणं थांबवत नाही. काही आठवड्यांत औषधाचा जोर ओसरतो आणि साखर चढी असेल तर गळती पुन्हा सुरू. स्टेरॉइडचाही पर्याय आहे, तो दाह शमवतो, पण डोळ्यातला दाब वाढण्याची आणि मोतीबिंदूची भीती असते, हेही बाईंनी न विचारता सांगितलं. झेब्रामाशाच्या म्युलर पेशी जखमी पडदा पुन्हा उभारतात, माणसाच्या मात्र तसं करत नाहीत, हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. त्यानंतर तिने एकही तारीख चुकवलेली नाही. जाडी २९८ वर आली आहे, काठ बराच सरळ दिसतो, आणि रात्रीचा भात तिने स्वतःहून कमी केलाय. आमच्या घरात हे कुणाच्या सांगण्याने आजवर झालं नव्हतं!

दोन गोष्टी खटकल्या. अकराची वेळ देऊन दीडला आत घेतात, आणि थेंब घातलेल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या पुरत नाहीत. मधुमेही पेशंट उपाशी ताटकळतात, त्याचा विचार व्हायलाच हवा. दुसरं, ओसीटीचा प्रिंट साध्या कागदावर इतका काळपट देतात की बाईंनी दाखवलेला एकही खांब घरी आल्यावर दिसत नाही. फाइल व्हॉट्सअॅपवर मागून घ्या, देतात.

ओसीटीचे वेगळे पैसे लागतात. इंजेक्शनचा खर्च औषधाप्रमाणे खूप बदलतो, पण कुठलं औषध का, हे आधी बसवून समजावतात. जाताना जुने स्कॅन आणि एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट न्या, सोबत माणूस आणि काळा चष्मा हवाच, कारण थेंबांनंतर दादर स्टेशनचा जिना एकट्याने उतरणं धोक्याचं. आणि सकाळची पहिली वेळ मागा.