भूमिगत खाणीत आठ महिने वापरलेला गॅस डिटेक्टर

चतुर्थीसाठी डिचोलीला घरी आलो होतो, तेव्हा खाणकामाचा डिप्लोमा झालेल्या शेजारच्या मुलाने विचारले, "काका, खाली उतरताना कमरेला लावता तो मीटर भरवशाचा असतो का?" गोव्यातल्या आमच्या लोहखनिजाच्या खाणी उघड्यावरच्या, तिथे धुळीचा त्रास फार, पण वारा कोंडण्याचा प्रश्न सहसा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये इथले काम थांबले आणि मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत गेलो. खाणीकडून मिळालेला चार वायूंचा हा डिटेक्टर गेले आठ महिने रोज पाळीभर माझ्याजवळ असतो. त्या मुलाला सांगितले तेच इथे नीट लिहीत आहे.

मीटर मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो. मिथेनचा आकडा नवख्याला चकवतो, कारण पडद्यावर हवेतले प्रमाण दिसत नाही, स्फोटाच्या खालच्या मर्यादेची, म्हणजे ज्या किमान प्रमाणाला मिथेनचा स्फोट होऊ शकतो त्याची, टक्केवारी दिसते. हवेत ५ टक्के मिथेन असला की पडद्यावर १०० येतात. म्हणून ज्या १.२५ टक्क्यांवर वीज तोडून माणसे बाहेर काढायची, तिथे पडद्यावर फक्त २५ असतात. हा वायू हलका असल्याने छताशी साचतो, त्यामुळे कमरेवरचा आकडा पुरत नाही. मीटर काठीने छताशी न्यावा लागतो. शिवाय याचा मिथेन सेन्सर वायू जाळून मोजतो आणि जळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार घटला असेल तर मिथेन असूनही आकडा कमी येतो, म्हणून वाचायचा तो आधी ऑक्सिजन. आमच्याकडे जुनी विहीर उपसण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडत आणि तो विझला तर कोणी उतरत नसे. वाचण्याचा क्रम मला तिथूनच पटला.

आगीच्या बाबतीत अलार्म पुरेसा आहे, हे माझे मत मात्र अनुभवाने बदलले. कोळसा हवेशी संयोग पावून आतल्या आत तापतो आणि धूर किंवा वास येण्याच्या बऱ्याच आधी कार्बन मोनॉक्साइड सुटू लागतो. आमचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) लावलेला आहे. बंद केलेल्या गोफच्या (कोळसा काढून झालेल्या पोकळ भागाच्या) स्टॉपिंगजवळ, म्हणजे तो भाग बंद करणाऱ्या भिंतीजवळ, परतीच्या वाऱ्यात (खाणीतून फिरून बाहेर जाणाऱ्या हवेत), मी रोज एकाच ठिकाणी उभा राहून आकडा वहीत लिहीत असे: ६, ८, ११, मग १७. मीटर एकदाही वाजला नव्हता. चौथ्या दिवशी वही खाणीतल्या हवेची व्यवस्था पाहणाऱ्या व्हेंटिलेशन ऑफिसरांना दाखवली; त्यांनी नमुने घेतले, किती ऑक्सिजन खर्ची पडला आणि त्याच्या तुलनेत किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला हे गुणोत्तर काढले आणि स्टॉपिंगच्या भेगा बुजवून घेतल्या. नुसता पीपीएम वारा वाढला की पातळ होऊन कमी दिसतो, गुणोत्तराला तसा धोका नसतो. अलार्मची वाट पाहिली असती तर आम्हाला फार उशिरा कळले असते.

उणिवाही सांगायला हव्यात. बॅटरी चार्जिंगच्या जागी मीटर दोनदा कार्बन मोनॉक्साइडसाठी ओरडला; तिथे सुटणाऱ्या हायड्रोजनला हा सेन्सर प्रतिसाद देतो, हे मला नंतर उमगले. तरीही दोन्ही वेळा आम्ही बाहेर आलो आणि तेच योग्य होते. परतीच्या दमट वाऱ्यात गाळणीवर पाणी धरते, मग आकडा संथपणे हलतो. रोज पुसावे लागते. ऑक्सिजन सेन्सर बदलायला पाठवला तेव्हा विक्रेत्याने तीन आठवडे लावले. माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे, त्या वस्तूच्या बाबतीत हा विलंब मला अजिबात मान्य नाही.

ठाऊक प्रमाणाचा वायू सोडून मीटर तपासण्याचे काम मी पाळीआधी कधी चुकवत नाही. वहीत आता आकड्याशेजारी तीन रकाने वाढवले आहेत: जागा, वेळ आणि वाऱ्याचा वेग.