रेस्ट मोडमधला पीएस५ आणि होम असिस्टंट : काही महिन्यांच्या वापरानंतर

पीएस५ म्हणजे प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल, रेस्ट मोड ही त्याची थोड्या विजेवर झोपण्याची अवस्था, आणि होम असिस्टंट हे घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. आधी निकाल सांगून टाकतो. पीएस५ लांबून चालू करणं भरवशाचं आहे, बंद करणं तितकंसं नाही, आणि वीज गेली की दोन्ही ठप्प. 'ऑटोमेशन चालत नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण खोड बहुतेक वेळा होम असिस्टंटमध्ये सापडत नाही. ती भिंतीवरच्या बोर्डात किंवा राउटरच्या मागे सापडते.

मांडणी अशी : रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय') वर होम असिस्टंट ओएस, मॉस्किटो ब्रोकर (उपकरणांचे निरोप पोचवणारा मध्यस्थ), पीएस५-एमक्यूटीटी हा ॲड-ऑन (वरून बसवायचा जोड-प्रोग्राम), वीज मोजणारा स्मार्ट प्लग आणि कन्सोलपासून राउटरपर्यंत कॅट-६ केबल. होम असिस्टंटमध्ये मुळातच असलेलं, कन्सोल चालू-बंद करणारं इंटिग्रेशन (जोडणीचा भाग) पीएस४ साठीचं आहे. प्लेस्टेशन नेटवर्क नावाचं दुसरं एक आहे, पण ते कोण ऑनलाइन आहे, कोणता गेम चालू आहे अशी खात्याची माहिती दाखवतं. कन्सोल चालू-बंद करत नाही. त्यामुळे पीएस५ साठी हा ॲड-ऑन, किंवा तो ज्याच्या जिवावर चालतो तो प्लेॲक्टर हा प्रोग्राम थेट वापरायचा.

सगळ्यात आधी स्मार्ट प्लगबद्दल. प्लगने कन्सोलची वीज तोडायची नाही, जोडायचीही नाही. रेस्ट मोडमध्ये वीज तुटली की पुढच्या वेळी 'नीट बंद केला नव्हता' असा इशारा येतो आणि कन्सोल स्टोरेज तपासत बसतो. वीज परत दिली तरी तो आपोआप चालू होत नाही, रेस्ट मोडमध्येही जात नाही. पूर्ण बंद राहतो. संगणकाच्या बायॉसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंग्जमध्ये) असते तशी 'वीज आली की चालू हो' ही सोय पीएस५ मध्ये नाही. तेव्हा प्लगचं काम फक्त मोजण्याचं. प्लगमध्ये टासमोटा हे मुक्त सॉफ्टवेअर असेल तर पॉवरऑनस्टेट ४ ठेवा : वीज आल्यावर रिले (प्लगच्या आतलं बटण) चालू होतो आणि नंतर कुणी ॲपमधून चुकून दाबला तरी हलत नाही. साध्या ॲपवाल्या प्लगमध्ये निदान 'वीज आल्यावर चालू' हा पर्याय निवडा; काही प्लग मुळात 'बंद' वर सेट होऊन येतात.

कन्सोलवरची सेटिंग्ज दोन ठिकाणी आहेत आणि अर्धे लोक एकाच ठिकाणी जाऊन परत येतात. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर सेव्हिंग, त्यात 'फीचर्स अव्हेलेबल इन रेस्ट मोड'. इथे 'स्टे कनेक्टेड टू द इंटरनेट' आधी चालू करा, मग 'एनेबल टर्निंग ऑन पीएस५ फ्रॉम नेटवर्क'. दुसरं ठिकाण : सिस्टिम, रिमोट प्ले, तिथे 'एनेबल रिमोट प्ले'. त्याच पानावर 'लिंक डिव्हाइस' दाबलं की आठ आकडी कोड येतो. तो थोडाच वेळ चालतो, म्हणून आधी ॲड-ऑनचं पान लॅपटॉपवर उघडून ठेवा. तिथून प्लेस्टेशनच्या खात्यात लॉग-इन केल्यावर 'रीडायरेक्ट' लिहिलेलं रिकामं पान दिसतं. पान तुटलं असं समजून ते बंद करू नका. ॲड्रेस बारमधला सगळा पत्ता कॉपी करून ॲड-ऑनमध्ये टाका आणि मग कोड. कोड नाकारला गेला तर पहिला संशय खात्यावर घ्या : टीव्हीवर मुलाचं प्रोफाइल उघडं आणि लॅपटॉपवर बाबांचं लॉग-इन, असं झालं की जोडणी होत नाही. दोन्हीकडे खातं एकच हवं.

आता मुख्य मुद्दा. चालू करणं आणि बंद करणं ही कन्सोलच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. चालू करायला यूडीपी ९३०२ या पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर) एक छोटं पॅकेट जातं, त्यात जोडणीच्या वेळी मिळालेली खूण असते, काम झालं. संगणक नेटवर्कवरून जागे करणारं नेहमीचं वेक-ऑन-लॅन मॅजिक पॅकेट इथे कामाचं नाही, कितीही पाठवा. बंद करायला मात्र रिमोट प्लेसारखं पूर्ण सत्र उघडावं लागतं : टीसीपी ९२९५ या पोर्टवर जोडणी, लॉग-इन, मग स्टँडबायची आज्ञा. म्हणून 'चालू होतो, बंद होत नाही' हे लक्षण इतकं सर्रास दिसतं. एका वेळी एकच रिमोट प्ले चालतं. कुणी आतल्या खोलीत मोबाइलवर रिमोट प्लेने खेळत असेल तर तुमची बंद करण्याची आज्ञा फुकट जाते. कन्सोल नुकताच जागा झाला असेल तरीही तेच. जागं केल्यावर निदान अर्धा मिनिट थांबा, स्थिती 'जागा' दिसली की मगच पुढची आज्ञा द्या.

त्याच ९३०२ वर ॲड-ऑन दर काही सेकंदांनी कन्सोलची विचारपूस करतो. उत्तराची पहिली ओळ लॉगमध्ये बघायची सवय लावा, निम्मं निदान तिथेच होतं. '२०० ओके' आलं तर कन्सोल जागा आहे. '६२० सर्व्हर स्टँडबाय' आलं तर रेस्ट मोडमध्ये आहे आणि चालू करता येईल. काहीच उत्तर आलं नाही तर तो पूर्ण बंद आहे किंवा तुमचं पॅकेट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. या तिसऱ्या स्थितीत होम असिस्टंटमध्ये काहीही खुडबुड करू नका, उठून कन्सोलचा दिवा बघा. स्थिर नारिंगी म्हणजे रेस्ट मोड, मग दोष नेटवर्कचा. दिवाच नाही, मग दोष विजेचा.

विजेचा दोष मुंबईच्या घरात बहुधा बोर्डावरच्या बटणात असतो. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण आहे आणि झोपण्याआधी टीव्हीचं बटण बंद करणं ही आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांची शिस्त आहे. शिस्त चांगलीच, पण रेस्ट मोडच्या मुळावर येते. कन्सोल, राउटर आणि पाय यांना टीव्हीपेक्षा वेगळं सॉकेट द्या. बटणावर पट्टी चिकटवली तरी चालेल, दिसायला वाईट दिसते एवढंच. गणपतीला गावी जाताना मेन स्विच बंद करणार असाल तर कन्सोल आधी मेन्यूतून पूर्ण बंद करा आणि परत येईपर्यंत लांबून चालू करण्याची आशा सोडा. इथे लोडशेडिंग नाही, १२ ऑक्टोबर २०२० सारखा शहरभराचा अंधारही विरळा. पण पावसाळ्यात क्षणभराची झपकी येते आणि तेवढ्यानेही रेस्ट मोड मोडतो. यूपीएस घ्यायचा तर १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. पहिल्या पीएस५ च्या पॉवर सप्लायवर ३५० वॅट लिहिलेलं आहे; ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची ताकद ३६० वॅटच्या आसपास असते, त्यावर टीव्हीही लावला की तो पहिल्याच झपकीला मान टाकतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. लॅमिंग्टन रोडवर तो मिळतो, केबल आणि जॅकही तिथेच घेता येतात. राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्टच आहे ना, हे वाचून मगच घ्या.

नेटवर्कचा दोष निघाला तर आधी घरात राउटर किती आहेत ते मोजा. फायबरवाल्याने दिलेला डबा हॉलमध्ये, स्वतःचा वाय-फाय राउटर बेडरूममध्ये, आणि दोघेही आपापले आयपी वाटतात. टीव्हीजवळ आहे म्हणून कन्सोल डब्याला, पाय मात्र आतल्या राउटरला. अशा वेळी पायवरून कन्सोलला पिंग जातो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण शोधाचं ब्रॉडकास्ट पॅकेट (जाळ्यातल्या सगळ्यांना दिलेली हाक) एका जाळ्यातून दुसऱ्यात जात नाही. उपाय सोपा : स्वतःचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो आयपी न वाटता फक्त वाय-फाय देईल. मग कन्सोलचा आयपी राउटरमध्ये मॅक ॲड्रेसवर (उपकरणाच्या कायमच्या ओळख-क्रमांकावर) बांधून घ्या. लॅनचा आणि वाय-फायचा मॅक वेगळा असतो. केबल लावली आणि वाय-फायचा मॅक बांधला तर उपयोग शून्य. गेस्ट नेटवर्कवर कन्सोल ठेवू नका, तिथे उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. होम असिस्टंट डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याची सोय) चालवत असाल तर पीएस५-एमक्यूटीटीच्या कंटेनरला होस्ट नेटवर्क द्या, नाहीतर ब्रॉडकास्ट बाहेर पडत नाही. वाय-फायवर जागं करणं चालतं, नाही असं नाही. पण इमारतीत भिंतीला भिंत लागून राउटर असताना २.४ गिगाहर्ट्झवर विसंबणं मला पटत नाही.

प्लगचे आकडे वाचतानाही एक खाच आहे. खेळ चालू असताना दोनशे वॅटच्या आसपास, रेस्ट मोडमध्ये एक आकडी. मग तीस वॅटवर रेघ मारून चालू-बंद ठरवू, असं वाटतं. पण रेस्ट मोडमध्ये गेम डाउनलोड होत असेल तर आकडा तीसच्या पलीकडे सहज जातो. ६२० आणि जास्त वॅट एकत्र दिसले तर कन्सोल कामात आहे, त्याला हात लावू नका. उलट टोकाला, स्वस्त प्लग एक-दोन वॅट मोजतच नाहीत, शून्य दाखवतात. त्यावरून 'पूर्ण बंद' असा निष्कर्ष काढता येत नाही. पूर्ण बंद आणि रेस्ट मोड यातला फरक ६२० किंवा कन्सोलचा दिवाच सांगू शकतो.

ऑटोमेशनमध्ये स्थिती बदलल्याबरोबर काही करायला लावू नका. विचारपुशीचं एखादं पॅकेट हरवलं की स्थिती क्षणभर 'अनुपलब्ध' होते आणि दिवे, एसी, साउंडबार सगळं बंद पडतं, खेळ ऐन रंगात असताना. तीस सेकंद तीच स्थिती टिकली तरच पुढे जा, आणि 'अनुपलब्ध' म्हणजे 'बंद' असं धरू नका. जागं करण्याची आज्ञा दिल्यावर एक मिनिट वाट पाहा, नाही उठला तर एकदाच पुन्हा पाठवा. त्याउपर मोबाइलवर सूचना पुरे.

टीव्ही आपोआप लागतो ही तक्रार असेल तर ती एचडीएमआय-सीईसीची, म्हणजे एचडीएमआय केबलमधून एकमेकांना चालू-बंद करण्याच्या सोयीची. कन्सोलच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये 'वन-टच प्ले' बंद करा. 'पॉवर ऑफ लिंक' मात्र चालू ठेवण्यासारखं आहे. टीव्ही बंद केला की पीएस५ रेस्ट मोडमध्ये जातो, त्यामुळे ॲड-ऑनची ती नाजूक बंद-आज्ञा लागतच नाही. टीव्ही होम असिस्टंटमध्ये असेल तर मी हाच रस्ता पहिला ठेवेन आणि ॲड-ऑनची आज्ञा राखीव.

कन्सोल टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात असेल तर लांबून चालू करण्याची सोय वापरू नका. दार उघडायला समोर कुणी नसतं, आणि मे महिन्यात आतली हवा आधीच तापलेली असते.

एक्सबॉक्सवाल्यांना काम हलकं आहे : होम असिस्टंटचं इंटिग्रेशन मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्गे चालतं, 'रिमोट फीचर्स' चालू हवं आणि पॉवर मोड 'स्लीप' हवा. 'शटडाउन' निवडलं तर वीज वाचते, पण लांबून उठत नाही. आणि इंटरनेट गेलं की दोन्ही मोड सारखेच निरुपयोगी. निन्टेन्डो स्विचला नेटवर्कवरून जागं करता येत नाही, विषय संपला.

लोकलमधून घरचा कन्सोल चालू करायचा असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. बऱ्याच जोडण्या सीजीनॅटच्या (कंपनी एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटते) मागे असतात, तिथे उघडूनही उपयोग नाही, आणि जिथे उपयोग आहे तिथे धोका आहे. टेलस्केल (उपकरणांना खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप) पायवर आणि मोबाइलवर बसवा आणि होम असिस्टंटचं पान त्यातून उघडा. आणि गरज फक्त रात्री गेम उतरवून ठेवण्याची असेल तर रेस्ट मोडच्या सेटिंग्जपलीकडे यातलं काहीच नको : प्लेस्टेशनच्या अधिकृत ॲपवरून डाउनलोडला लावलं की रेस्ट मोडमधला कन्सोल ते काम स्वतः करतो.