दाओं की बिएर्सो?

पोर्तुगालमधील दाओं आणि स्पेनच्या वायव्येकडील बिएर्सो हे दोन्ही प्रदेश दोउरो (पोर्तुगाल) व रिओहा (स्पेन) या प्रसिद्ध वाइन-प्रदेशांच्या नावलौकिकापुढे झाकोळले गेले असल्यामुळे त्यांच्या चांगल्या लाल वाइन आजही गुणवत्तेच्या मानाने स्वस्त मिळतात. १९०८ मध्ये वाइन-प्रदेश म्हणून अधिकृतपणे सीमांकित झालेल्या दाओंच्या डोंगरांनी वेढलेल्या ग्रॅनाइटी जमिनीत तोरीगा नासिओनाल, अल्फ्रोशेइरो, जाएन अशा द्राक्षांच्या अनेक जाती पिकतात आणि वाइन बहुधा त्यांच्या मिश्रणातून बनते. पेला हलकेच फिरवून नाकाशी नेला, की आधी गडद फळांचा आणि मागोमाग फुलांचा सुगंध येतो. घोट घेतल्यावर आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवतो आणि द्राक्षांच्या सालींतून येणाऱ्या टॅनिनचा तुरटपणा हिरड्यांवर बराच वेळ रेंगाळतो. बिएर्सोमध्ये मात्र मेन्सिया या एकाच जातीचे वर्चस्व आहे. जनुकीय तपासणीनुसार मेन्सिया आणि दाओंमधील जाएन ही एकच जात ठरली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण माती आणि हवामान चव किती बदलतात हे इथे थेट पडताळता येते. बिएर्सोची साधी, ताजी बाटली लाल फळांच्या चवीची, हलकी आणि किंचित गार करून पिण्याजोगी असते. माझ्या मते दाओंला दहापैकी आठ आणि बिएर्सोला सात गुण द्यावेत. मात्र विकत घेतलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडायची असेल, तर हलकी, ताजी बिएर्सोच घ्यावी.