यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हने जुन्या लॅपटॉपवर इमेज टाकणं: वापरानंतरचा अनुभव

ड्राइव्ह साधीच आहे. स्लिम, ट्रेवाली, यूएसबी २.०, वेग डीव्हीडीला ८ एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या आठ पट) आणि सीडीला २४ एक्स. काम ठरलेलं: तालुक्याच्या गावातल्या संगणक वर्गातले आणि सेवा केंद्रातले जुने लॅपटॉप पुसायचे आणि क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने त्यांवर तयार इमेज, म्हणजे आधीच बसवलेल्या सगळ्या व्यवस्थेची प्रत, टाकायची. उन्हाळा, पावसाळा आणि जिनिंगचा हंगाम, तिन्ही पाहून झाल्यावरचं मत असं की बूट करायला, म्हणजे लॅपटॉप डिस्कवरून सुरू करायला, ही ड्राइव्ह जरूर घ्यावी, मोठ्या इमेज साठवायला हिच्या भरवशावर राहू नये.

पेनड्राइव्ह असताना हे लोढणं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. कोअर टू ड्युओच्या किंवा पहिल्या पिढीच्या आय ३ च्या काही लॅपटॉपचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरून बूट होताना अडतं, पण यूएसबी सीडीरॉम निमूट ओळखतं. शिवाय झेरॉक्सच्या दुकानांतून फिरलेल्या पेनड्राइव्हला शॉर्टकट व्हायरसची लागण कधी होईल सांगता येत नाही. फायनलाइज केलेल्या, म्हणजे लिहून कायमच्या बंद केलेल्या, डीव्हीडी-आरवर कुणाला काही लिहिता येत नाही, चुकून फॉरमॅटही मारता येत नाही. दहा हातांतून जाणाऱ्या वस्तूसाठी हा फार मोठा गुण आहे.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे करंट. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९०० देतो. तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी ड्राइव्हला एक अँपिअरच्या आसपास लागू शकतात. म्हणून दिवा लुकलुकतो, टक-टक आवाज येतो, डिस्क थोडी फिरून थांबते आणि पडद्यावर बूट डिव्हाइस नसल्याचा संदेश येतो. लोक ड्राइव्ह खराब समजून परत करतात. बहुतेक वेळा दोष तिच्यात नसतोच. निळा, म्हणजे ३.० चा पोर्ट असेल तर तोच वापरा. एक्स्टेन्शन केबल अजिबात नको, केबल जितकी आखूड तितकी बरी. तरी जमलं नाही तर दोन तोंडांची वाय केबल, नाहीतर ५ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब घ्या.

हबचा एक तोटा आपल्याकडे लगेच कळतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण हब बंद पडतो आणि त्यासोबत ड्राइव्हही जाते. वाय केबलचं दुसरं तोंड पॉवर बँकेत लावणं हा चांगला उपाय आहे. फक्त काही पॉवर बँका ड्राइव्ह निवांत असताना कमी करंट पाहून आपोआप बंद होतात. लॅपटॉपची बॅटरीच मेलेली असेल तर इन्व्हर्टर नसताना इमेज टाकायला घेऊ नका. मध्येच वीज गेली तर पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, अर्धवट लिहिलेलं राहतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

क्लोनझिलाच्या बूट मेन्यूत ‘टू रॅम’ असलेली ओळ निवडावी. सगळी व्यवस्था मेमरीत चढते, डिस्क काढता येते, ड्राइव्ह पुढच्या लॅपटॉपला मोकळी होते. २ जीबी रॅम पुरते. क्लोनझिलाची आयएसओ, म्हणजे डिस्कवर लिहायची फाइल, सीडीवरही मावते, तरी डीव्हीडीच वापरा: २४ एक्स सीडी जास्तीत जास्त ३.६ एमबी प्रतिसेकंद देते, ८ एक्स डीव्हीडी ११. तेही बाहेरच्या कडेला. आतल्या बाजूला वेग निम्म्याहून कमी असतो आणि माहिती लिहायला सुरुवात आतूनच होते. भरलेली ४.७ जीबीची डिस्क वाचायला म्हणून दहा मिनिटांच्या आसपास लागतात.

या ४.७ जीबीत काय मावतं? लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, लिबरऑफिस आणि मराठी कीबोर्ड, नीट दाबून बसवलं तर मावतं. विंडोज १० नाही. तिची साफ केलेली इमेजही सहसा दहा जीबीच्या पुढे जाते, म्हणजे ८.५ च्या दुहेरी थराच्या डिस्कचाही उपयोग नाही. तुकडे करून तीन डिस्कवर घालण्याचा उद्योग नको, कारण क्लोनझिलाला सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये हवे असतात. विंडोजसाठी डीव्हीडीवरून बूट करा आणि इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. यूएसबी २.० वरही ती ३० एमबीच्या आसपास वेग देते.

लिनक्सची इमेज डीव्हीडीवर ठेवणार असाल तर तुकड्याचा आकार २००० एमबी द्या, म्हणजे आयएसओ फाइलप्रणालीची ४ जीबीची अडचण येत नाही. इमेजचा फोल्डर डिस्कच्या मुळाशीच हवा आणि लांब फाइलनावं टिकावीत म्हणून डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्राममधला जोलिएट किंवा रॉक रिज हा पर्याय चालू ठेवा. ४ एक्सने लिहा, व्हेरिफाय करा. पुढे टू रॅमने बूट करून बूट डिस्क काढायची, इमेजची घालायची, शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) जाऊन ती होममधल्या पार्टइमॅग फोल्डरवर माउंट करायची, म्हणजे जोडायची, आणि मेन्यूत ‘स्किप’ निवडायचं.

इमेज घेण्यापूर्वी रिकामी जागा शून्यांनी भरण्याची सवय सोडा. क्लोनझिला आतून वापरतो तो पार्टक्लोन प्रोग्राम डिस्कवरचे वापरलेले ब्लॉकच घेतो. त्याऐवजी विंडोजमध्ये हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा एनटीएफएस विभाग अर्धवट झोपलेला आढळतो आणि इमेज घेणं अडतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू नाही ना तेही बघा. सगळ्यात महत्त्वाचं, मूळ पार्टिशन जीपार्टेड या पार्टिशनचा आकार बदलणाऱ्या प्रोग्रामने आधीच ६० जीबीपर्यंत आकसून घ्या. ५०० जीबीच्या हार्डडिस्कवरची इमेज २४० जीबीच्या एसएसडीवर घालताना क्लोनझिला डिस्क लहान असल्याचं सांगून थांबतो. आकार तपासणी वगळण्याचा पर्याय आहे, पण तो आकसलेल्या पार्टिशनवरच चालतो. शेवटी नव्या डिस्कवर पार्टिशन पुन्हा ताणून घ्यायचं.

बूट मेन्यूत (डेल, लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९; एसरला एफ १२ आधी बायोसमधून चालू करावा लागतो) ड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसते, एक युईएफआय (बूट करण्याची नवी पद्धत) लिहिलेली, एक साधी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीची. इमेज ज्या पद्धतीच्या यंत्रणेची, तीच ओळ निवडा. ड्राइव्ह दिसतच नसेल तर बायोसमधलं फास्ट बूट बंद करा आणि ती लॅपटॉप सुरू करण्याआधी जोडा. इमेज टाकल्यावर विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत असेल तर बायोसमधला साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) मूळ लॅपटॉपसारखा, बहुतेक वेळा एएचसीआय, करून बघा. एकच लिनक्स इमेज वर्गातल्या सगळ्या लॅपटॉपवर जाणार असेल तर ती घेण्याआधी मशीन-आयडीची, म्हणजे लॅपटॉपच्या ओळख क्रमांकाची, फाइल रिकामी करा. विंडोजला त्यासाठी तिच्यातलंच सिसप्रेप हे साधन आहे.

देखभालीचं म्हणाल तर रुईचे तंतू आणि धूळ लेन्सवर बसते. रबरी फुग्याने हवा मारावी, तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. लिहिलेल्या डिस्क मे महिन्यात टीनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती करा. कोऱ्या डीव्हीडी दुकानात मिळाल्या नाहीत तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत विचारा. डीव्हीडी-आरडब्ल्यू मिळाली तरी घेऊ नका. तिचं परावर्तन कमी असतं, जुनी लेन्स ती वाचताना अडखळते.